खेळणेचा उतार

जाफराबाद हे पूर्णेच्या आणि खेळणेच्या संगमावरचं गाव. यातली पूर्णा सगळ्यांना ठाऊक आहे. दुसऱ्या नदीचं नाव मात्र कुणी केळणा लिहितं, कुणी केळना, आणि काही कागदांवर ती सरळ ‘खेळणा’ होऊन वाहते. व्याकरणाचा हट्ट धरणारा माणूस लगेच सांगेल की नदी असेल तर खेळणेच्या काठी म्हणा आणि वस्तू असेल तर खेळण्याच्या. हा फरक नदीला माहीत नसल्यामुळे ती दोन्हींच्या काठाने जाते. तेव्हा खेळण्यांच्या धंद्याविषयी दोन शब्द बोलायचा अधिकार जालना जिल्ह्यात कुणाला असेल, तर तो जाफराबादला आहे. विषयही तसा नाजूक आहे. मोठ्या खेळणी कंपनीत एक माणूस असतो. तो खेळणी बनवत नाही, विकत नाही आणि दुरुस्तही करत नाही. त्या खेळण्यांचे जे कट्टर शौकीन असतात, त्यांच्याशी कंपनीच्या वतीने आणि कंपनीशी त्यांच्या वतीने बोलत राहणं एवढंच त्याचं काम. असा माणूस नोकरी सोडतो तेव्हा त्यात बातमी काय, असं कुणालाही वाटेल. तहसीलदार बदलतात, ग्रामसेवक बदलतात, मंडळ अधिकारी तर आपण नाव पाठ करेपर्यंत बदललेले असतात. पण इथे प्रकरण वेगळं आहे. हे काम माणूस खुर्चीत असताना दिसतच नाही, तो उठून गेल्यावर दिसतं. आणि ते चांगलं झालं होतं की नाही, हे निरोपाच्या भाषणावरून कळत नाही. त्याच्यामागे लोक कुठून ये-जा करतात, ते पाहावं लागतं.

याचा पुरावा शोधायला अशा एका खेळणी कंपनीच्या गावी, डेन्मार्कला जायच्या आधी खेळणेच्या वरच्या अंगाला असईपर्यंत जाऊ. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि इंग्रजांचा आर्थर वेलस्ली यांची लढाई झाली. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. मधे नदी होती आणि सोयीच्या जागा मराठ्यांच्या तोफांखाली होत्या. वेलस्लीने वाटाड्यांना विचारलं, पुढे कुठे उतार आहे का? वाटाडे म्हणाले, नाही. त्याने नजर टाकली तर नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. इंग्रजी कागदांत त्यांची नावं पीपलगाव आणि वरूर अशी पडली आहेत. त्याने हिशेब केला, की दोन गावं अशी तोंडाला तोंड लावून बसली आहेत म्हणजे त्यांची एकमेकांकडे ये-जा असणारच, आणि ये-जा आहे म्हणजे उतार आहे. माणूस पाठवून पाहिलं तर खरोखरच उतार निघाला. पुढे काय झालं ते इतिहासाच्या पुस्तकात आहे आणि ते आपल्याला फारसं सुखाचं नाही. पण त्या हिशेबातलं शहाणपण शत्रूचं असलं तरी घेण्यासारखं आहे. उतार डोळ्यांनी दिसत नाही, कारण तो पाण्याखाली असतो. तो आहे हे त्याच्यामुळे एकमेकांना धरून राहिलेल्या दोन गावांवरून ओळखायचं.

आता डेन्मार्क. बिलुंड नावाच्या छोट्या गावात १९३२ साली एका सुताराने सुरू केलेली लेगो ही कंपनी. तिच्या प्लॅस्टिकच्या विटेचं पेटंट १९५८ चं आहे, आणि आठ गुंड्यांच्या सहा विटा एकमेकींत बसवायच्या तर ९१ कोटी ५१ लाखांहून अधिक तऱ्हा होतात. एवढ्या तऱ्हा करून पाहायला एक बालपण पुरत नाही, म्हणून काही लोक नोकरी लागल्यावर, लग्न झाल्यावर आणि चाळिशीचा चष्मा आल्यावरही विटा जोडत राहतात. हे झाले शौकीन. कंपनी बरीच वर्षं त्यांच्याकडे गावातल्या अतिहुशार पाहुण्याकडे पाहावं तशी पाहत होती. मग तिने त्यांच्याशी बोलायला माणसं नेमली. त्यांपैकी अमेरिकेतला जेक मॅकी हा मुळात स्वतःच शौकीन होता. आणि त्याच्याच काळात, २००४ साली, कंपनीने विटांचा राखाडी रंग बदलला. जुन्या राखाडीत थोडी निळी झाक आली. कंपनीच्या दृष्टीने ही इतकी किरकोळ गोष्ट होती की आधी कुणाला सांगावं असंही तिला वाटलं नसावं. शौकिनांच्या दृष्टीने मात्र हे पूर्वजांच्या वाड्याला शेजाऱ्याने चुना लावण्यासारखं होतं. ज्याने वीस वर्षं साठवलेल्या राखाडी विटांचा किल्ला अर्ध्यावर आणला होता, त्याच्या बुरुजाचा वरचा मजला आता खालच्याशी जुळेना. चिडलेल्या लोकांनी त्या नव्या रंगाला इंग्रजीतल्या निळ्याची आणि राखाडीची मोडतोड करून ‘ब्ले’ असं ओकारीसारखं नावही ठेवलं. या दोन काठांच्या मधे मॅकी उभा.

असा माणूस दिवसभर काय करतो? राखाडीवरून संतापलेल्या गृहस्थाचं म्हणणं तो ऐकून घेतो, त्यातल्या शिव्या गाळतो, उरलेला मुद्दा कंपनीच्या साहेबांना समजेल अशा भाषेत लिहितो. साहेबांच्या उत्तरातला तोरा गाळतो आणि उरलेला मुद्दा गृहस्थाला समजेल अशा भाषेत परत आणतो. दोन्हीकडचं गाळलेलं त्याच्यापाशी साठत जातं. आपल्याकडे लग्न जमवणारा मध्यस्थ हेच करतो. मुलाकडचे म्हणतात, ‘एवढ्याशा अंगठीत काय होतंय?’ आणि मुलीकडे पोचतं ते, ‘अंगठीचं तुम्ही म्हणाल तसं.’ लग्न पार पडलं की पत्रिकेत या मध्यस्थाचं नाव नसतं. कुठे बिनसलं तर पहिलं नाव त्याचंच निघतं. अशा कामाचा महिन्याचा अहवाल लिहायचा कसा, हीच अडचण आहे. झालेली भांडणं मोजता येतात, न झालेली मोजायची सोय कुठल्याच रकान्यात नाही. त्यामुळे काम जितकं चांगलं, तितका हा माणूस रिकामटेकडा दिसतो. मग खर्चाची कात्री घेऊन बसलेल्या एखाद्या हुशार माणसाला शंका येते की हा नेमका करतो काय. नदी शांत असताना उतारावर पैसा खर्च करणारा मूर्ख ठरतो. उतार कुठे आहे हे माहीत नसलेला माणूसही मूर्खच असतो, पण ते पाणी चढल्यावर ठरतं.

यावर पहिला आक्षेप येणार तो उघड आहे. बियाण्याला उगवण नाही, कापसाला भाव नाही, आणि इथे घोडे झालेले लोक प्लॅस्टिकच्या विटेच्या छटेवरून भांडतात. त्यांच्याशी बोलायला पगारी माणूस कशाला? त्यांना बसू द्या की चिडून. पण हा आक्षेप घेणाऱ्याने एकदा पोळ्याच्या आदल्या दिवशी बाजारात उभं राहावं. मातीच्या बैलाची जोडी घेताना घरातली पोरं लगेच होकार देतात. वशिंड नीट नाही, एका बैलाचं शिंग दुसऱ्याहून बारीक आहे, जोड जुळत नाही, असं म्हणत अर्धा तास घासाघीस करतो तो आजोबा. खेळणं लहानांसाठी असतं, पण त्याबद्दलचं मत मोठ्यांचं असतं. शिवाय शौकिनांना चिडून बसू देणं परवडत नाही, याचा धडा लेगोलाच मिळालेला आहे. १९९८ साली तिने ‘माइंडस्टॉर्म्स’ नावाचं यंत्रमानव जोडायचं खेळणं काढलं. थोड्याच आठवड्यांत एका विद्यार्थ्याने त्याच्या आतली सगळी गोम उलगडली आणि जगाला वाटून टाकली. कंपनी कोर्टात जावं की काय या विचारात पडली आणि शेवटी तिने ठरवलं की करू द्या त्यांना. पुढची आवृत्ती तयार करताना तर तिने अशाच चार शौकिनांना गुपचूप सल्ला मागितला, आणि ते चौघं विमानाचं तिकीट स्वतःच्या खिशातून काढून बिलुंडला गेले. बदल्यात त्यांना मिळाल्या विटा. स्वतःच्या खर्चाने येऊन, कंपनीचं काम करून, वर अहेर म्हणून तिचाच माल घेऊन आनंदाने परत जाणारा माणूस ज्या कंपनीला मिळतो, तिने त्याच्याशी बोलायला एक माणूस ठेवू नये, याला व्यवहार म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. हा माणूस पगार कंपनीचा घेतो, मग तो शौकिनांचा कसा? ज्याचं मीठ खाल्लं त्याचीच बाजू घेणार. या प्रश्नाचं उत्तर जाफराबादच्या शेडनेटमध्ये उभं आहे. या भागात मिरचीच्या, टोमॅटोच्या बीजोत्पादनाचं काम चालतं, जालन्याच्या बियाणे धंद्याचाच तो एक हात आहे. कंपनी आणि शेतकरी यांच्या मधे एक ऑर्गनायझर असतो. संध्याकाळी बाया मादी ओळीतल्या न उमललेल्या कळ्या चिमट्याने उघडतात, आतले पुंकेसर एकेक करून काढतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतले परागकण आणून त्या कळीला लावतात. कळी मोडली तर फळ गेलं, एक पुंकेसर आत राहिला तर बियाण्याची शुद्धता गेली. एवढं करून बी कंपनीकडे जातं, नमुने तपासले जातात, आणि मग कळतं की पास की फेल. फेल झालं की शेतकरी कंपनीचं दार ठोठावत नाही. तो ऑर्गनायझरच्या ओट्यावर येऊन बसतो. तिथे तो म्हणतो, ‘भाऊ, तुमच्या तोंडाकडं पाहून लावलं होतं.’ या एका वाक्यात सगळं आलं. कागदावर करार असतो, पण विश्वास ठेवलेला असतो तोंडावर. आणि कंपनीलाही हे पक्कं ठाऊक असतं, की ज्याच्या तोंडाकडे पाहून कुणी काही लावत नाही असा निव्वळ तिचाच माणूस तिच्या काही कामाचा नाही. पगार एका काठाचा आणि पत दुसऱ्या काठाची, असं असेल तरच उतार होतो. आपल्या जुन्या माणसांनी दोन घरचा पाहुणा उपाशी असं म्हणून ठेवलंय ते खरं आहे, पण तो उपाशी राहिला म्हणून दोन्ही घरांत चूल पेटली, ही दुसरी बाजू म्हणीत बसली नाही.

तिसरा आक्षेप नव्या जमान्याचा. आता कंपनीला फोन लावता येतो, तक्रार क्रमांक मिळतो, यंत्र चोवीस तास उत्तर देतं. मधे माणूस कशाला? सोय झाली आहे हे मान्यच करू. मराठीसाठी एक दाबा, तक्रारीसाठी दोन दाबा, आणि ‘राखाडी रंगात निळी झाक आल्यामुळे माझा किल्ला अर्धवट राहिला’ यासाठी काय दाबायचं तेवढं सांगा. यंत्राकडे ठरलेल्या प्रश्नांची ठरलेली उत्तरं असतात. यंत्र म्हणजे पूल, आणि पुलावरून ठरावीक वजनाच्या गाड्या झकास जातात. पण शौकिनाचं दुःख ठरलेल्या मापाचं नसतं. त्याला उत्तरही नको असतं, आपलं म्हणणं कुणीतरी पलीकडे नेलं एवढं कळायला हवं असतं. जुना राखाडी काही परत आला नाही. तरीही लोक बोलत राहिले, कारण बोलायला समोर माणूस होता. फेल झालेलं बियाणं पास करणं ऑर्गनायझरच्या हातात नसतं, पण तो ओट्यावर चहा पाजतो, आणि पुढच्या हंगामात शेडनेटवर पुन्हा कापड चढतं ते पुष्कळदा त्या चहावर.

शेवटचा आक्षेप सगळ्यात जड, कारण तो खरा आहे. कुणावाचून कुणाचं अडत नाही. मॅकीने २००६ साली लेगो सोडली. कंपनी बुडाली का? उलट २००३ आणि २००४ या दोन वर्षांच्या जबर तोट्यातून ती वर आली, आणि पुढच्या दशकात जगातल्या सगळ्यात मोठ्या खेळणी कंपन्यांत जाऊन बसली. मग एवढं उतार-उतार करून काय मिळवलं? नीट पाहिलं तर हा आक्षेप आपल्याच बाजूने साक्ष देतो. त्याच्या काळातच शौकिनांमधून निवडलेले प्रतिनिधी कंपनीशी नियमित बोलू लागले होते. तो गेल्यावरही ते बोलत राहिले. पुढे तर शौकिनाने सुचवलेल्या नमुन्याला १०,००० लोकांचा पाठिंबा मिळाला की कंपनी तो बाजारात आणण्याचा विचार करते, अशी रीतच पडली. ही सगळी एकट्या मॅकीची करणी नव्हे, आणि तशी ती मानणं हा त्याच्यावरही अन्याय आहे. या कामातला वाईट माणूस असा, की तो गेल्यावर सगळं बंद पडतं. त्याच्या निरोपाला मोठा हार येतो, डोळ्यांत पाणी येतं, आणि पुढल्या आठवड्यात दोन्ही काठ एकमेकांकडे पाठ करून बसतात. चांगला माणूस गेल्यावर हाराचे पैसे थोडे कमी जमले तरी चालतात.

पुराचं पाणी ओसरल्यावर नदीत पहिल्यांदा काठी टेकत उतरणारा माणूस सगळ्यांना दिसतो. तो गुडघ्यापर्यंत, मांडीपर्यंत जातो, एकदा कमरेपर्यंत बुडून शिवी हासडतो, बाजूला सरकतो आणि पलीकडे लागतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या मागून शेळ्या जातात, तिसऱ्या दिवशी बैलगाडी जाते, आणि आठवड्याभरात दोन्ही काठांच्या चिखलात चाकांच्या चाकोऱ्या पडतात. त्यानंतर तो काठीवाला माणूस गावात आहे, पुण्याला मुलाकडे गेला आहे की दुसऱ्या कंपनीत लागला आहे, हे कुणी विचारत नाही. बाजाराला निघालेला गाडीवान चाकोरी पाहतो आणि बैल पाण्यात घालतो.