मोशीला गेलेले काका

"तीन महिने समाजसेवेसाठी मोशीला चाललोय," असं मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये जाहीर केलं, तेव्हा कुणाच्याही डोळ्यांत पाणी आलं नाही. सेक्रेटरी म्हणाले, "मग राहायला कशाला जाता? नाशिक फाट्यावरून बस आहे की." टांझानियातही एक मोशी आहे, किलिमांजारोच्या पायथ्याशी, आणि मी त्या मोशीला चाललोय, हे समजावून सांगेपर्यंत माझ्या त्यागातली हवा निघून गेली होती. स्वाहिली भाषेत मोशी म्हणजे धूर. आपल्या मोशीतल्या कचरा डेपोला आग लागते तेव्हा हे भाषांतर न शिकवता कळतं.

हल्ली सेवा फुकट करता येत नाही. आधी संस्थेकडे पैसे भरावे लागतात. मी ते भरले, पिवळ्या तापाची लस टोचून घेतली, केसांना कलप लावला आणि सामानात सहा पाकिटं बाकरवडी भरली. सोबत गुंडाळी करून घेतलेलं एक मोठं पोस्टर होतं. त्यावर नळ, साबण आणि दोन हात. आफ्रिकेला हात धुवायला शिकवायचे, असा माझा साधा सरळ कार्यक्रम होता.

गावात पोचल्यावर पहिला प्रश्न आला, "तुमचं दुकान कुठंय?" दुकान नाही म्हटल्यावर लोकांच्या चेहऱ्यावर दया दिसू लागली. बुडालं बिचाऱ्याचं! त्यांचंही बरोबर होतं. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडचा माणूस तिकडे गेला तो दुकान टाकायला, रेल्वेत कामाला किंवा हिशेब लिहायला. गोव्याहून गेले ते शिंपी, आचारी आणि कारकून. तिथे दुकानाला 'दुका' म्हणतात, विम्याला 'बीमा' आणि पैशाला 'पेसा'. जर्मनांच्या राजवटीत तिथे रुपया चालायचा आणि १९०४ पर्यंत त्याचे, आपल्या जुन्या रुपयासारखेच, ६४ पेसा व्हायचे. एवढा रोकडा इतिहास असताना हा एक हिंदी माणूस पदरचे पैसे घालून फुकट काम करायला आलाय, यावर कोण विश्वास ठेवणार?

गैरसमज दूर करावा म्हणून मी शाळेत रीतसर ओळख करून दिली. "मिमी नी माहिंदी!" वर्ग हसून बाकावरून खाली आला. भारतीय माणूस म्हणजे 'म्हिंदी'. 'माहिंदी' म्हणजे मका. समुद्र ओलांडून आलेल्या पाहुण्याने छातीवर हात ठेवून "मी मका आहे" असं जाहीर केलं होतं. दुसऱ्या दिवशी एका पोराने भाजलेलं कणीस आणून अदबीने माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "तुमचे नातेवाईक आलेत."

नात्यांवरून आठवलं. संस्थेत माझ्याच वयाची एक सहकारी होती. ती पहिल्या दिवशी मला म्हणाली, "कारिबू, काका." कलपाचे पैसे पाण्यात! पुढे दुधवाल्याने काका म्हटलं, मग न्हाव्याने, मग माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी मोठ्या असलेल्या एका गृहस्थाने. पंधरा दिवस मी आरशासमोर उभा राहून काळजी केली. मग कुणीतरी सांगितलं, स्वाहिलीत काका म्हणजे भाऊ.

तोवर मी माझ्या बाजूने पुरेसं नुकसान करून बसलो होतो. तिथे 'दालादाला' नावाची मिनीबस असते. आपल्या वडापची सख्खी बहीण. तिच्या दारात लटकणाऱ्या भरघोस मिशांच्या कंडक्टरला मी आठवडाभर रोज प्रेमाने "दादा" म्हणत होतो. स्वाहिलीत दादा म्हणजे ताई. गाडीतल्या बायका पदर तोंडात कोंबतात तशा अंगावर गुंडाळलेल्या खांगा नावाच्या कापडाचं टोक तोंडाला लावून हसायच्या, तेव्हा मला वाटायचं, माझ्या वागण्यातला गोडवा त्यांना भावला असावा. आणि एकदा चौकात वाहतूक पोलिसाने गाडी अडवली, तेव्हा पुण्यातल्या सवयीने माझ्या तोंडून "मामा" निघून गेलं. मामा म्हणजे आई. तो खाकीतला, नव्हे, पांढऱ्या गणवेशातला मनुष्य क्षणभर गहिवरला की संतापला, ते ड्रायव्हरने मला कधीच भाषांतर करून सांगितलं नाही.

लहान मुलं रस्त्यात भेटली की "शिकामू" म्हणायची. थोरामोठ्यांना करायचा हा नमस्कार. मूळ भाव 'तुमचे पाय धरतो'. थोरांनी "माराहाबा" म्हणून तो स्वीकारायचा असतो. मला काय ठाऊक! फिटंफाट म्हणून मीही वाकून "शिकामू" म्हणायचो. म्हणजे पहिलीतल्या पोराने पाया पडावं आणि चाळिशी ओलांडलेल्या काकांनी उलट त्याच्या पायाला हात लावावा. गावात बातमी पसरली, हा म्हिंदी दुकान बुडाल्यापासून फारच नम्र झालाय.

खरी कसोटी घड्याळाने पाहिली. गावच्या अध्यक्षांनी बैठक ठेवली, "साआ तातू आसुबुही". साआ म्हणजे तास, तातू म्हणजे तीन, आसुबुही म्हणजे सकाळ. शब्दकोश हाताशी असलेल्या माणसाला कोण फसवणार? शेतकरी लोक, उठत असतील पहाटे, असं म्हणून मी तीन वाजता टॉर्च आणि पोस्टर घेऊन अध्यक्षांच्या दारात हजर. कुत्री भुंकली. घोंगडी पांघरलेल्या राखणदाराने मला आपादमस्तक न्याहाळलं, काठी खाली ठेवली, शेजारी बसवून घेतलं आणि म्हणाला, "पोले." म्हणजे साधारण 'अरेरे, बिचाऱ्या'.

तिथे दिवसाचे तास उजाडल्यापासून मोजतात. विषुववृत्त जवळ, त्यामुळे सूर्य बारा महिने सहाच्या सुमारास उगवतो. सात म्हणजे पहिला तास, नऊ म्हणजे तिसरा. ह्यात अडाणीपणा शोधायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. आमच्या पंचांगातला दिवसही सूर्योदयालाच सुरू होतो, घटका तिथूनच मोजतात. मध्यरात्री बारा वाजता, सगळे झोपलेले असताना, तारीख बदलण्यात काय शहाणपण आहे, हे मला त्या राखणदाराला पटवून देता आलं नाही. नऊ वाजता बैठक सुरू झाली तेव्हा मी भिंतीला टेकून घोरत होतो.

जागा झालो तो जेवणाच्या वेळी. समोर उगालीचा, म्हणजे शिजवलेल्या मक्याच्या पिठाचा, पांढरा गोळा, पालेभाजी आणि कोंबडीचा रस्सा. स्वाहिलीत कोंबडीला कुकू म्हणतात. ते ऐकून आमच्या आजीने ताटावरून उठून कपाळ चाचपलं असतं. भूक अशी लागली होती की मी थेट गोळ्याला हात घातला. पंगत थांबली. सात-आठ वर्षांची एक मुलगी तांब्या आणि घमेलं घेऊन माझ्यापर्यंत आली होती. ती सगळ्यांच्या हातावर पाणी घालत आली होती. म्हाताऱ्यांच्या, पोरांच्या, अध्यक्षांच्या. तिने माझ्या उगाली लागलेल्या बोटांकडे पाहिलं, मग माझ्या मांडीवरच्या पोस्टरकडे. नळ, साबण, दोन हात. मुलगी संस्कारी होती, काही बोलली नाही. तिने माझ्या हातांवर धार धरली आणि मी धुतले. त्या दौऱ्यातलं हात धुण्याचं एकमेव प्रात्यक्षिक ते. विद्यार्थी मी.

पोस्टर मी तिथेच ठेवून आलो. पाठच्या कोऱ्या बाजूवर शाळेत पाढे लिहितात. बाकरवडी मात्र एका दिवसात संपली आणि माझ्या कार्याचा तेवढाच भाग पुन्हा पाठवण्याची मागणी आहे.

निघताना संस्थेने प्रमाणपत्र दिलं: 'स्थानिक समाजाच्या विकासासाठी मोलाचं योगदान.' वस्तुस्थिती अशी की गावाने तीन महिने एका चाळिशीच्या माणसाला नमस्कार करायला, वेळ बघायला आणि जेवणाआधी हात धुवायला शिकवलं. प्रमाणपत्रावर नाव त्यांचं हवं होतं. तुमच्यापैकी कुणी सेवेसाठी तिकडे जाणार असाल तर पोस्टर नेऊ नका, बाकरवडी न्या. आणि कुणी काका म्हटलं तर रागावू नका, भाऊ म्हणालेत.