आपोआपवाले भाऊ

भाऊंच्या व्हिजिटिंग कार्डावर नावाखाली दोनच शब्द आहेत : 'सगळं आपोआप'. त्याखाली मोबाइल नंबर, आणि नंबराशेजारी 'रात्रीसुद्धा चालेल'. एवढ्यात भाऊ अख्खे मावतात.

धंदा म्हणाल तर वेबसाइटींचा. वसमत रोडचं मंगल कार्यालय, मोंढ्यातलं कृषी सेवा केंद्र, सेलूचं एक कापड दुकान, नीटचे दोन क्लास. हे दोन क्लासवाले समोरासमोर आले तर रस्ता बदलतात. भाऊंच्या सर्व्हरवर मात्र त्यांच्या साइटी आपापल्या कंटेनरात, म्हणजे सर्व्हरवरच्या वेगळ्या कप्प्यात, गुण्यागोविंदानं नांदतात. हा सर्व्हर आधी भाऊंच्या माळ्यावर होता. लाइट गेली की मंगल कार्यालय बंद. त्यात ब्रॉडबँडवाल्यानं कैक घरांना मिळून एकच पत्ता दिलेला, म्हणजे 80 नंबरच्या पोर्टावर बाहेरचं कुणी पोचायची सोयच नाही. शेवटी भाऊंनी न्युरेंबर्गला भाड्यानं सर्व्हर घेतला. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आमच्याकडं लहान पोरंही म्हणतात, पण त्याचं बिल दरमहा युरोत भरणारे एकटे भाऊच असावेत.

नवं गिऱ्हाईक आलं की भाऊ रिव्हर्स प्रॉक्सी समजावून सांगतात. "वाड्याच्या ढाळजेत म्हातारा बसलेला राहतो का नाही? कुणाकडं आलाव म्हणून विचारतो आन् मग त्या खोलीकडं धाडतो. बाहेरून दार एकच. तुमची खोली कोणती, ते त्याला माहीत." हा म्हातारा म्हणजे ट्रॅफिक नावाचा प्रोग्रॅम. कंटेनरावर नावाची चिठ्ठी लावली की तो आपणहून वाचतो आणि पाहुणे तिकडं वळवू लागतो. गिऱ्हाईक मान डोलावतं आणि विचारतं, "मग कुलूप दिसंल का?"

ब्राउझरातलं कुलूप म्हणजे साइटीचं प्रमाणपत्र. पूर्वी त्याला दरसाल पैसे मोजावे लागत. डिसेंबर 2015 मध्ये लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेनं ते सगळ्यांना फुकट खुलं केलं, मुदत 90 दिवस. प्रोग्रॅम अर्ज करतो. ते म्हणतात, अमुक पत्त्यावर आमची ही खूण ठेव. मग 80 नंबरच्या पोर्टावर येऊन ती पाहतात आणि प्रमाणपत्र देतात. तीस दिवस उरले की प्रोग्रॅम पुन्हा अर्ज करतो. या सगळ्यात माणसाचं काही काम नाही.

भाऊंचं दुखणं नेमकं हेच आहे. त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात प्रत्येक साइटीच्या साठाव्या दिवसाला लाल गोल असतो. त्या दिवशी भाऊ गाव सोडत नाहीत, सोयऱ्याच्या साखरपुड्यालाही नाही. रात्री दोनला लॅपटॉपपुढं मांडी घालून लॉग वाचत बसतात. वहिनी उठून म्हणतात, "अहो, आपोआप होतंय ना? मग तुम्ही कशाला जागायलात?" भाऊ म्हणतात, "आपोआप होतंय का नाही, ते बघायला कुणी नको का?"

बरं, नुसतं बघतील तर भाऊ कसले! एकदा ऐन लग्नसराईत त्यांनी ट्रॅफिकची नवी आवृत्ती चढवली. प्रमाणपत्रं ज्या फाइलीत साठतात ती कंटेनराच्या बाहेर ठेवायची असते, ते राहिलं. कंटेनर पाडून पुन्हा उभा केला की आतली प्रमाणपत्रं साफ, आणि नव्या प्रमाणपत्रासाठी नवा अर्ज. भाऊंना घोर लागला की ते कंटेनर पाडतात. त्या रात्री घोर फार होता. एका नावाचं तेच प्रमाणपत्र आठवड्यात पाचदाच मिळतं. सहाव्या खेपेला नकार आला. सकाळी कार्यालयवाल्याचा फोन : "भाऊ, पाहुणे म्हणायलेत, तुमच्या कार्यालयात चोर हाईत म्हणून मोबाइल सांगायलाय!" असल्या खटपटींसाठी लेट्स एन्क्रिप्टनं चाचणीचा वेगळा सर्व्हर ठेवला आहे. पण तिथं मिळणारं प्रमाणपत्र खोटं असतं, आणि चालू धंद्यात खोटा कागद भाऊंना अपशकुन वाटतो.

सप्टेंबर 2023 मध्ये तर कहर झाला. "भाऊ, कुलूप गेलं की!" एकामागून एक फोन. भाऊंनी जेवण अर्धं टाकून सगळे कंटेनर तपासले, लॉग चाळले, तारखा पाहिल्या. सगळं ठणठणीत. मग कळलं की गूगलनंच क्रोममधून कुलपाचं चिन्ह काढून दोन आडव्या रेघांचं बसवलंय. कुलूप सगळ्या जगाचं गेलं होतं; गिऱ्हाइकांची माफी मात्र भाऊंनी मागितली.

जून 2025 पासून लेट्स एन्क्रिप्टनं मुदत संपत आल्याची ईमेलं पाठवणं बंद केलं. बहुतेकांचं आपोआप होतंय, मग कशाला, असा त्यांचा हिशोब. भाऊंनी ते मनाला लावून घेतलं. "एक तेवढे विचारणारे होते," म्हणाले.

आता 2029 च्या मार्चपासून कुठलंही नवं प्रमाणपत्र 47 दिवसांहून जास्त मुदतीचं नसेल, असं ब्राउझरवाल्यांनी आणि प्रमाणपत्रवाल्यांनी मिळून ठरवलंय. ही बातमी मी भीत भीतच त्यांना सांगितली. भाऊंचा चेहरा उजळला.

"पण भाऊ, ते तर आपोआपच होणार ना?"

"होणारच की," भाऊ म्हणाले. "म्हणून तर महिन्याला दोनशे वाढवायलो."