कर्जतचा घाट आणि आमचा ठोकळा

नातवासाठी म्हणून मी छोट्या आगगाडीचा संच आणला (नातू तेव्हा नुकता रांगत होता, हा मुद्दा घरात अधूनमधून निघतो), जेवणाच्या टेबलावर रूळ मांडले, आणि ज्या कर्जतला १८६३ सालापासून गाड्या बोरघाटाच्या पायथ्याशी उभ्या राहतात, मागून जादा इंजिनं लावून घेतात आणि मगच लोणावळ्याकडे निघतात, त्या गावची अब्रू राखायची म्हणून रुळांखाली जुने दिवाळी अंक रचून घाटही केला. खऱ्या घाटात ३७ फुटांना एक फूट चढ. आमच्याकडचे अंक जाडजूड निघाल्यामुळे माझा चढ माथेरानच्या गाडीलाही घाम फोडणारा झाला, आणि तिथे तर २० फुटांना एक फूट आहे. पुढे एक इंजिन, मागे ढकलायला दोन, मधे आत दिवे लागणारे डबे, आणि हा सगळा प्रपंच २३० व्होल्टचे १२ करून देणाऱ्या एका एवढ्याशा पेटीच्या जिवावर. हिला सौभाग्यवती ‘तुमचा तो ठोकळा’ म्हणतात.

ठोकळा तापू लागला.

आधी कोमट, मग पापड भाजून निघेल इतका. गाडी अर्ध्या घाटात थांबायची. मी फुंकर मारायचो, वायर हलवायचो, प्लग काढून पुन्हा खोचायचो, आणि थोड्या वेळाने गाडी चालू! आपल्या हाताला गुण आहे अशी माझी खात्रीच पटली. ती इतकी पसरली की शेजाऱ्यांनी मिक्सर आणून दिला. तो आता त्यांच्या माळ्यावर असतो.

दरम्यान चढावर चाकं घसरतात म्हणून मी रूळ भांड्यांच्या तारेच्या घासणीने लख्ख घासले. तिच्या केसासारख्या बारीक तारा सुटल्या. काही दोन रुळांवर आडव्या पडल्या, काही इंजिनातल्या लोहचुंबकाने आत ओढून घेतल्या, आणि टेबलावर बेताची दिवाळी झाली. ठोकळ्याला वारा लागावा म्हणून टेबलफॅन लावला, तर त्याने शेवटचा डबा वरणात पाडला. भोकांतून धूळ जाऊ नये म्हणून ठोकळ्यावर क्रोशाचा रुमाल मीच घातला होता, हे मात्र फार उशिरा उघडकीला आलं.

शेवटी खालापूरकडच्या एका वायरमनला बोलावलं. ज्या तालुक्यातल्या खोपोलीच्या वीजघरातून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज गेली, तिथल्या माणसाशी विजेवरून वाद कोण घालणार? मी घातला.

“काका, आत कटआउट आहे,” तो म्हणाला. “तापलं की तोडतं, निवलं की आपोआप जोडतं. तुम्ही काय करत होतात?”

“फुंकर मारत होतो.”

“छान.”

मग त्याने मीटर लावला. ठोकळ्यावर लिहिलेलं एक अँपिअर. तिन्ही इंजिनं चढावर आणि दिवे चालू ठेवल्यावर काटा दीडच्या पलीकडे. शिवाय मागची इंजिनं पुढच्यापेक्षा पळती असल्यामुळे मधले डबे दाबले जाऊन रुळावरून उतरत, त्यांची लोखंडी चाकं नको तिथे टेकत आणि शॉर्ट होई. निदान झालं: मागची दोन इंजिनं काढा.

“अहो, पण कर्जतहून मागच्या इंजिनांशिवाय गाडी सुटते कशी?”

“खोपोली लोकल सुटते की,” तो म्हणाला, आणि वायरची गुंडाळी खांद्याला अडकवून निघाला.

तेव्हा दिवाळी अंक कपाटात परत गेलेत, आणि टेबलावर पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली अशी सपाट लाइन चालू आहे. एका इंजिनावर, दिवे मालवून. ठोकळा थंड. मागची दोन इंजिनं कोणाला हवी असतील तर कळवा. त्यांची खरी किंमत घरात सांगितलेली नाही, म्हणून निरोप माझ्याकडेच द्यावा.