गळतीचे वैद्यबुवा

इंग्लंडमधल्या प्रत्येक डायव्हिंग क्लबात एक वैद्यबुवा असतात. क्लबाच्या घटनेत अध्यक्ष, सचिव, खजिनदार अशी पदं असतात, वैद्यबुवांचं नसतं. त्यांना कोणी नेमलेलं नसतं, त्यामुळे काढताही येत नाही. वय साठीच्या पलीकडचं, मागच्या सीटा काढून टाकलेली व्हॅन, हातात चहाचा मग आणि मांडीवर आइस्क्रीमचा रिकामा डबा. डब्यात ओ-रिंगा, रबरी वॉशर, सिलिकॉन ग्रीसची चपटी डबी, एक सेवानिवृत्त टूथब्रश आणि निरनिराळ्या माणसांच्या अंगावरून उतरवलेल्या झडपा. बुवांचा विषय एकच : ड्रायसूट का गळतो.

मालवण-तारकर्लीला डुबकी मारणाऱ्याला या विषयाचा गंध असण्याचं कारण नाही. तिथलं पाणी मायाळू. वेटसूट पुरतो, आणि ओलं होणं हा तर वेटसूटचा धर्मच. इकडे लेस्टरशरमधली स्टोनी कोव्ह म्हणजे ग्रॅनाइटची जुनी खाण. खणणं थांबलं आणि ती पाण्यानं भरली. खोली साधारण 35 मीटर. ऐन हिवाळ्यात पाणी चार-पाच अंशांवर आलेलं असतं, आणि तरी रविवारी सकाळी फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागते. या लोकांना घरी कोणी बोलत नसावं, असं मला पहिल्यांदा वाटलं होतं. आता वाटतं की बोलत असावं, म्हणूनच येतात.

अशा पाण्यात उतरायला ड्रायसूट लागतो. मानेला आणि मनगटांना घट्ट रबरी पट्टे, त्यांना सील म्हणतात. पायांना जोडलेले मोजे किंवा बूट, एक जाडजूड जलरोधक झिप, आत गोधडीसारखा अंडरसूट. पाणी बाहेर, माणूस आत. पण दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो, सूटमधल्या हवेचं आकारमान निम्मं होतं आणि सूट अंगाला चिमटे काढू लागतो. म्हणून छातीवर एक झडप, इन्फ्लेटर. तिचं बटण दाबलं की सिलिंडरमधली हवा होजमधून सूटमध्ये येते. वर येताना तीच हवा फुगते, तिला वाट द्यायला डाव्या दंडावर दुसरी झडप, डंप व्हॉल्व्ह. एक आत घेणारी, एक बाहेर सोडणारी. दोघींनी आपापलं काम चोख केलं तर वैद्यबुवांना रविवारी घरी बसून बागेतलं गवत कापावं लागेल. सुदैवानं तशी वेळ येत नाही.

बुवांच्या धंद्यातली पहिली अडचण म्हणजे रोगी खरं सांगत नाही. इंग्रज माणूस पाण्यातून बाहेर आला आणि "कोरडा आहेस ना?" असं विचारलं, की "बऱ्यापैकी" म्हणतो. "बऱ्यापैकी" याचा अर्थ डावी बाही कोपरापर्यंत भिजली आहे. "किंचित दमट" म्हणजे अंडरसूट पिळता येईल. आणि जो काहीच न बोलता बाकावर बसून बूट उलटा करतो, त्याच्या बुटातून पाण्याची धार लागते आणि तिच्यात एखादं पानही निघतं. बुवा या उत्तरांकडे लक्ष देत नाहीत. सरळ बाहीत हात घालतात. ओळख असण्याची गरज नसते.

काही रोगी आणखी पुढचे. ते म्हणतात, "गळत नाही हो, घाम आहे." या वाक्यानं बुवांचा जेवढा अपमान होतो तेवढा शिवीनंही होत नाही. वास्तविक घाम हे कारण अगदी खोटं नाही. किनाऱ्यावर सगळा सरंजाम चढवून अर्धा तास उभं राहिलेला माणूस घामेजतो, ती वाफ थंड सूटच्या आतल्या अंगाला लागून गार होते आणि तिचं पाणी होतं. पण घाम न्यायी असतो. तो सगळीकडे सारखा येतो. एका बाहीवर खास मेहेरबानी करत नाही. "तुझा डावा हात एकटाच मॅरेथॉन धावला का?" असं बुवा विचारतात, आणि रोग्याचा पुढचा बचाव तिथेच संपतो.

ओलेपणा कुठे आहे यावरून बुवा निदान करतात, आणि इथे त्यांची विद्या खरी आहे हे मान्य करायला हवं. मनगटाच्या आतल्या बाजूनं ओल वर चढत गेली असेल तर सील. मूठ वळली की मनगटाच्या शिरा ताठतात, दोन शिरांमध्ये पन्हळ तयार होते आणि पाणी तिच्यातून आत येतं. छाती ओली असेल तर मान सारखी वळवून मासे बघण्याची सवय, किंवा सीलखाली अडकलेले केस, किंवा इन्फ्लेटरचं सैल बूड. खांद्यापासून कोपरापर्यंत डावा दंड भिजला असेल तर डंप. आणि पाय? पायावर बुवांचा काडीचाही विश्वास नाही. पाणी कुठूनही शिरो, उभं राहिलं की शेवटी पायातच जमतं. "पाय हा खोटा साक्षीदार," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नवशिके मोज्याला भोक शोधत बसतात, बुवा लांबून चहा पीत त्यांच्याकडे करुणेनं बघतात.

मग शस्त्रक्रिया. दोन्ही मनगटांच्या सीलमध्ये एकेक रिकामी बाटली, गळ्यात फुटबॉल, झिप बंद, आणि इन्फ्लेटरला होज जोडून सूटमध्ये हवा. मोटारींच्या तळावर, व्हॅनच्या बॉनेटवर, एक बिनडोक्याचा गलेलठ्ठ माणूस हळूहळू आकार घेतो. बुवा स्पंजानं त्याला साबणाचं पाणी लावतात, काखेत, कमरेत, मांडीच्या आतून. कुत्रा फिरवायला आलेलं एखादं जोडपं क्षणभर थबकतं आणि दिशा बदलतं. जिथे बुडबुडे उठतात तिथे भोक. खडूनं गोल काढायचा, वाळू द्यायचं, चिकटवायचं.

इथवर कोणीही करतो. तरुण मंडळी याच टप्प्यावर फसतात. साबणाचं पाणी डंप व्हॉल्व्हवर ओततात, चाक फिरवून झडप आवळतात, बुडबुडे दिसले नाहीत की "व्हॉल्व्ह ठीक आहे" म्हणून जाहीर करतात. अरे, ती झडप हवा बाहेर सोडण्यासाठीच आहे! तिचं दुखणं बाहेरून आत येणाऱ्या पाण्याचं. आतून हवा भरून ते दिसणार कसं? ही चूक पकडताना बुवांच्या चेहऱ्यावर जे तेज येतं ते पाहण्यासारखं असतं.  मग ते झडप सूटमधून फिरवून काढतात. आतली बाजू तोंडाला लावतात आणि ओढून श्वास घेतात. हवा आत आली नाही, जीभ चिकटून बसली, तर झडप निरोगी. हवा आली, तर डायफ्राम नीट बसत नाही. पाच मिनिटांपूर्वी याच झडपेतून एका अनोळखी गृहस्थाच्या अंडरसूटमधला वारा बाहेर पडत होता, हा विचार बुवांच्या मनाला शिवत नाही. आमच्या मनाला शिवतो, म्हणून आम्ही वैद्य झालो नाही.

आणि सापडतं काय? बहुतेक वेळा अंडरसूटचा एक धागा. डायफ्राम म्हणजे सिलिकॉनची पातळ चकती. तिच्याखाली लोकरीचा एक तंतू, वाळूचा एक कण, कुत्र्याचा एक केस अडकला की चकती पूर्ण टेकत नाही, आणि हवा सोडताना प्रत्येक वेळी घोटभर पाणी आत येतं. उपाय असा : कोमट गोड्या पाण्यात झडप बुडवायची, तिचं चाक पूर्ण उघडायचं, पूर्ण बंद करायचं, पुन्हा उघडायचं. तेवढ्यानं भागलं नाही तर उघडून मऊ फडक्यानं पुसायचं. टाचणी लावायची नाही. चकतीची कड वळली असेल तर नवी घालायची. परत बसवताना खालचा वॉशर सरळ आहे ना ते बघून हातानं घट्ट करायचं. पाना घेऊन पिळलं तर वॉशर मुरगळतो आणि नवीच गळती लागते. सगळं मिळून काम पंधरा मिनिटांचं. बुवांना लागतात तीन तास, कारण मधे इतिहास येतो.

इतिहास सुरू होतो ऑगस्टस सीबपासून. 1830च्या दशकात लंडनमध्ये या गृहस्थानं पितळी शिरस्त्राण आणि बंद पोशाख जोडून पाणबुड्याला कोरडं ठेवलं, आणि वापरलेली हवा बाहेर जायला शिरस्त्राणावर झडप बसवली. "तेव्हापासून आपण आहोत," असं बुवा म्हणतात. "आपण" म्हणजे माणूसजात की वैद्य, हे स्पष्ट करत नाहीत. तिथून गाडी जाते ऑर्कनी बेटांजवळच्या स्कापा फ्लोला. पहिल्या महायुद्धानंतर तिथे अडकवून ठेवलेल्या जर्मन आरमारानं 21 जून 1919 रोजी अॅडमिरल फॉन रॉयटरच्या हुकुमावरून स्वतःलाच बुडवलं. 74 जहाजांपैकी 52 तळाशी गेली. तीन युद्धनौका आणि चार क्रूझर अजून तिथे आहेत आणि इंग्लंडभरचे क्लब त्या बघायला जातात. बाकीचे लोक त्या घटनेत स्वाभिमान, तह, राजकारण वगैरे शोधतात. बुवांचं निदान वेगळं. जहाजं बुडवली कशी? तळाच्या झडपा उघडून. "जगातली सर्वात मोठी व्हॉल्व्हगळती," ते म्हणतात, "आणि एकाही डायफ्रामचा दोष नव्हता."

बुवांना प्रतिस्पर्धीही असतात. शेजारच्या क्लबाचे बुवा झिपपंथी. त्यांच्या मते सगळ्या गळत्यांचं मूळ झिपच्या शेवटच्या बोटभर भागात. ती टोकापर्यंत ओढलेली नसते आणि दात मेणाला महाग झालेले असतात. दोघे समोरासमोर आले की बाकीच्यांनी पाण्यात जावं हे उत्तम. सिलिकॉनच्या फवाऱ्यावरून तर त्यांचा कायमचा अबोला झालेला आहे. झिपपंथी फवारा सगळीकडे मारतात. आमच्या बुवांचं म्हणणं, सिलिकॉनच्या चकतीवर सिलिकॉनचा फवारा मारला तर ती फुगून वेडीवाकडी होते, आणि लेटेक्सला तो लागला तर पुढे नवं सील चिकटवताना गोंद धरत नाही. ओ-रिंगेला बोटाच्या टोकाएवढं ग्रीस, बस्स. या वादात आमचे बुवा बरोबर आहेत. दुसऱ्या क्लबात असतो तरी हेच म्हटलं असतं, फक्त हळू आवाजात.

आणखी एक झडप मांडीवर असते, तिच्याबद्दल मराठीत लिहिताना पदर सावरावा लागतो. दोन-दोन तास थंड पाण्यात राहणाऱ्यांच्या नैसर्गिक गरजेसाठी ती सोय. तिची एकदिशी चकती बिघडली तर पाणी कुठल्या मार्गानं आणि कुठे येईल, याची कल्पना वाचकांनी करावी किंवा करू नये. बुवा तीही दुरुस्त करतात, पण ती मात्र तोंडाला लावून बघत नाहीत. शास्त्रालाही मर्यादा असते.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. इन्फ्लेटरची गोष्ट निघाली की मात्र बुवा चहा खाली ठेवतात. डंप गळला तर माणूस ओला होतो, थंडी वाजते, डुबकी अर्ध्यावर सोडावी लागते. इन्फ्लेटर अडकला तर सूट फुगतच जातो. फुगलेला माणूस वर ओढला जातो, वर जाताना दाब घटतो, हवा आणखी पसरते, वेग आणखी वाढतो. आणि खोलातून असं सुसाट वर येणं फुप्फुसांना, रक्ताला, कधी जिवालाही भोवतं. बटणाच्या खोबणीत सुकलेलं मीठ आणि रेती हे त्याचं नेहमीचं कारण. समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्यानं न धुतलेला सूट बघितला की बुवांचा आवाज चढतो. गोठवणाऱ्या पाण्यात बटण बराच वेळ दाबून धरणाऱ्यावरही; जोरानं सुटणारी हवा झडपेला इतकी गार करते की ती उघडीच थिजू शकते. थोडं दाबा, सोडा, पुन्हा थोडं दाबा.

प्रत्येक नव्या पोराला ते मोटारतळावर उभं करतात. जाड हातमोजे घालायचे, डोळे मिटायचे. "बटण अडकलं. काय करशील?" पोरगं चाचपडतं. "आधी होज काढ! मग दंड वर, झडप पूर्ण उघडी!" होजची कडी मागे ओढून ती सुटेपर्यंत सोडत नाहीत. सुटली की पुन्हा जोडतात, पुन्हा विचारतात. पावसात भिजत उभं राहून हे करून घेताना मी त्यांना पाहिलं आहे, आणि त्या दिवशी त्यांनी एकही विनोद केला नाही. पोरगा क्लबात नवा होता. बुवांना त्याचं नावही ठाऊक नव्हतं. त्याच्या सूटचा मेक मात्र सांगता आला असता.

तेव्हा वाचकहो, कधी थंड पाण्यात उतरायचा योग आला, तर तीन गोष्टी आधी करा. झिप टोकापर्यंत गेली आहे का हे सोबत्याला बघायला लावा. दंडावरची झडप कोमट पाण्यात उघड-बंद करून धुवा. इन्फ्लेटरचं बटण दाबून ते झटकन परत वर येतं याची खात्री करा, आणि येत नसेल तर सूट दुरुस्तीला द्या, पाण्यात नेऊ नका. एवढं करूनही गळलाच, तर आइस्क्रीमचा डबा मांडीवर घेऊन बसलेला माणूस शोधा. सूट खुशाल त्यांच्या हाती द्या. फक्त "घाम असेल" म्हणू नका, आणि दुपारचं दुसरं काही काम ठेवू नका.