वायरिंगवाले भाऊ

नागपुरात मेकॅनिक गल्लोगल्ली सापडतो, वायरिंगवाला भाऊ मात्र शोधावा लागतो. त्याच्या दुकानावर पाटी असलीच तर ती बॅटरीच्या कंपनीनं फुकट दिलेली असते आणि तिच्यावर भाऊचं नाव भिंगातून वाचावं लागतं. त्याचा पत्ता सांगतो तो आधी हात टेकलेला मेकॅनिक. आठवडाभर गाडी ठेवून घेतल्यावर तो म्हणतो, "साहेब, आता वायरिंगवाल्यालेच दाखवा." तोवर निम्मे सुटे भाग नवे झालेले असतात आणि दुखणं तेवढं जुनं राहिलेलं असतं.

हे दुखणं 'कधी कधी' या जातीचं. मे महिन्यात, पारा ४५च्या पुढे असताना, व्हेरायटी चौकाच्या सिग्नलला मीटरचे सगळे काटे एकदम झोपतात, एबीएसपासून एअरबॅगपर्यंत सगळे दिवे पेटतात आणि गाडी चालू व्हायचं नाव घेत नाही. दहा मिनिटांनी आपोआप सुरू होते. भाऊच्या दारात तर ती इतकी गुणी वागते की खोटं कोण बोलतंय, असा प्रश्न पडावा.

भाऊ मालकाकडे पाहतो. बॉनेट उघडायची त्याला घाई नसते. खर्र्याची पन्नी चोळत तो सिव्हिल लाइन्समधल्या फौजदारी वकिलासारखी उलटतपासणी सुरू करतो.

"कवा होते? सकाऊन का दुपारी?"

"दुपारी."

"खड्ड्यात आदळल्यावर होते का उभ्या उभ्या?"

"दोन्ही."

"बाहेरून काही बसवलं काय गाडीत?"

"छे! काहीच नाही."

भाऊ स्टिअरिंगखालचं झाकण काढतो. आतून म्युझिक सिस्टीमची वायर निघते, मग रंगीत दिव्यांची, मग मागच्या कॅमेऱ्याची, शेवटी डॅशबोर्डावरच्या लुकलुकत्या गणपतीची. सगळ्या जोडांवर काळी टेप.

"मंग हे काय गाडीसोबतच जन्मलं?"

मालक गप्प. अशा वेळी भाऊ मागच्या सीटवरच्या काकूंकडे वळतो. खरी साक्ष तिथं मिळते. "अहो, त्या पावसात पाण्यातून काढली होती ना आपण!" काकू बोलून जातात आणि निम्मा खटला तिथंच निकाली निघतो.

भाऊच्या तारुण्यात गाडीत एका दिव्याला एक वायर असायची. बॉश कंपनीनं 'कॅन' नावाची व्यवस्था १९८६ साली डेट्रॉइटमध्ये जगापुढं मांडली, तेव्हा भाऊ उस्तादाच्या हाताखाली ॲम्बॅसेडरचा हॉर्न जोडायला शिकत होता. आता इंजिन, ब्रेक, एअरबॅग, मीटर यांचे छोटे संगणक एकमेकांना पीळ दिलेल्या दोन तारांवरून निरोप धाडतात. एका तारेला जरा धक्का बसला की सगळ्यांचीच दातखीळ बसते. भाऊनं हे कुठल्या कॉलेजात शिकलेलं नाही. तो एवढंच सांगतो, "दोन वायर हाय. सगळे त्याच्यावरच बोलून राहिले. एकानं बोंब मारली का बाकीच्यायचं आयकू येत नाही."

त्याच्या हाताखालचा पोट्टा स्कॅनरवाला. तो डबी लावून कोड वाचतो, "यू-०१२१. एबीएसशी संपर्क तुटला. भाऊ, एबीएस बदलून टाकू!" मालकाचा चेहरा उतरतो, कारण एबीएसची किंमत त्याला आधीच्या गॅरेजनं सांगितलेली असते. भाऊ पोट्ट्याला थांबवतो. "अबे, हे तर बाकीचे सांगून राहिले का एबीएस बोलत नाही म्हनून. तो काहून बोलत नाही, हे कोनी सांगितलं? त्याले करंट भेटते का, अर्थिंग भेटते का, पाह्य ना आधी."

मग भाऊ बॅटरी सोडतो आणि स्कॅनरच्या सॉकेटातल्या सहा आणि चौदा नंबरच्या पिनांवर मीटर टेकवतो. तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, म्हणून दोन्ही मिळून ६० दिसायला हवेत. दिसतात. पोट्टा हिरमुसतो. भाऊ मात्र एक हात वायरिंगच्या जुडग्यात घालून ते हळूहळू हलवत राहतो, डोळे मीटरवर. पायाखालच्या सतरंजीजवळ हात येतो आणि ६०चे १२० होतात. वाढलेला आकडा पाहून मालक खूश होतो. भाऊ कपाळाला हात लावतो.

सतरंजी उचलली की खाली बारीक गाळाची रेघ आणि कपलरच्या पिनांवर हिरवं चढलेलं. भाऊ वास घेतो. "साहेब, हे गाडी अंबाझरीत पोहून आली." २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, आसपासच्या वस्त्यांत पाणी शिरलं आणि घरांपुढच्या गाड्या बुडाल्या. गाड्या वरून वाळल्या, पुसल्या गेल्या, काही विकल्याही गेल्या. पिनांच्या आतली ओल मात्र आपल्या सवडीनं काम करत राहिली. त्या पावसाची वर्गवारी भाऊला तोंडपाठ असते: चाकापर्यंत, सीटपर्यंत आणि 'सोडून द्या'.

पाणी नसेल तर उंदीर. मालकानं कुणाचं तरी ऐकून बॉनेटखाली तंबाखूचं पान बांधलेलं असतं. भाऊ ते सोडून बाजूला ठेवतो. "नागपूरचे उंदीर हाय साहेब. तंबाखूनं पळतीन काय? उलट रोज येतीन."

दोष सापडला तरी भाऊ गाडी लगेच देत नाही. "चार दिवस चालवून पाहा लागते." हे शास्त्राला धरून आहे, कारण कधी कधी येणारं दुखणं कधी कधीच गेल्याचं कळतं. फक्त चालवण्याचा रस्ता भाऊ ठरवतो. पहिल्या दिवशी गाडी तर्री-पोह्यापर्यंत जाते, दुसऱ्या दिवशी कोराडीच्या देवीला आणि रविवारी सहकुटुंब रामटेकला. गाडी घरी येते तेव्हा सीटखाली चिवड्याचा पुडा सापडतो आणि पेट्रोलचा काटा मात्र खरोखरच खाली असतो. भाऊचं उत्तर तयार असतं, "सासू बसली होती मांगं. लोड टाकून पाह्यलं. एक डाव बी बंद नाही पडली!"

बिलावर घासाघीस होते. पिना साफ केल्या, एक कपलर बदलला, त्याचे एवढे? भाऊ भांडत नाही. बदलायचा राहून गेलेल्या एबीएसची किंमत तेवढी एकदा मोठ्यानं म्हणतो. मालक पाकीट काढतो आणि शेवटचं विचारतो, "गॅरंटी?"

"गाडीची देतो," भाऊ म्हणतो, आणि मालकाच्या हातातल्या पिशवीतून डोकावणाऱ्या नव्या निळ्या दिव्यांच्या माळेकडे बोट दाखवतो. "तुमची कोन देईन?"