जावई अमेरिकेचा, सातबारा माहीमचा

आमचा पुतण्या आधी इंजिनिअर झाला, मग एच-1बी झाला आणि आता अमेरिकेचा जावई झाला आहे. पहिल्या दोन्हींसाठी त्यानं रात्रीचा दिवस केला. तिसऱ्यासाठी ओहायोच्या एका मुलीला 'हो' म्हणाला, एवढंच. अमेरिकन सरकारच्या लेखी वजन मात्र तिसऱ्यालाच.

पालघरजवळच्या आमच्या माहीममध्ये ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. वाडीत नागवेलीची पानं खुडताना जेवढं जग कळतं तेवढं वर्तमानपत्रातून कळत नाही. "कागदासाठी लग्न केलं म्हणे," असं कोणीतरी बोललं आणि पुतण्याच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या दादांनी, त्या घराशी बोलणंच सोडलं. मला विचाराल तर कागद नकोसे झालेल्या माणसानं हे लग्न करूच नये. ब्रह्मचारी राहिलेला बरा.

पण ब्रह्मचाऱ्याची रांगही पाहून घ्या. वर्षाला 85,000 एच-1बी. त्यात चिठ्ठी निघाली तर सहा वर्षं नोकरी. पुढे कंपनीनं ग्रीन कार्डाचा अर्ज करायचा, आणि तिथे नियम असा की कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही. भारताला सात टक्के, आइसलँडलाही सात टक्के. आइसलँडची सारी वस्ती चार लाखांच्या आत. एकट्या पालघर जिल्ह्याची 2011 च्या जनगणनेत तीस लाखांच्या घरात. त्यामुळे आइसलँडचा माणूस रांगेत उभा राहतो न राहतो तोच आत, आणि आमचा बोईसरचा पोरगा केस पिकेपर्यंत बाहेर. अमेरिकन नागरिकाच्या नवऱ्याला किंवा बायकोला मात्र संख्येची मर्यादाच नाही. ग्रीन कार्डानंतर इतरांना नागरिकत्वाच्या अर्जासाठी पाच वर्षं थांबावं लागतं. नागरिकाबरोबर संसार करणाऱ्याला तीन. कॅनडा या बाबतीत अगदी कोरडा. तिथे नागरिकाचा जोडीदार असा की एकटा जीव असा, पाच वर्षांत 1,095 दिवस देशात काढायचेच. प्रेमाला सूट नाही.

सवलत मिळते ती लग्न खरं असल्याचं पटवून दिल्यावर. वकिलानं पुरावे मागितले : दोघांच्या नावे बँकेचं खातं, घराचा करार, विमा, फोटो आणि ओळखीच्यांची प्रतिज्ञापत्रं. लग्न लागलं होतं माहीमला. ग्रामपंचायतीचा विवाह नोंदणीचा दाखला गेला, पण वहिनींचं तेवढ्यावर समाधान होईना. त्यांनी कपाटातून आहेराची वही काढली. कोणी 101 दिले, कोणी 501, कोणी नुसताच नारळ, सगळं घरवार लिहिलेलं. "एवढ्या लोकांनी खोट्या लग्नाला पैसे घातले असते का?" हा त्यांचा युक्तिवाद कुठल्याही कोर्टात टिकावा असा होता. वकिलानं वही परत पाठवली. प्रतिज्ञापत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. 'हे दोघे खरोखर नवरा-बायकोसारखे राहतात' याला दाखला म्हणून मी लिहिलं, की बोंबलाच्या कालवणात तिखट जास्त पडलं तेव्हा ती त्याच्याकडे पाहून जे डोळे वटारायची, ते नाटक असणं शक्य नाही.

संशय आला तर तिकडचे अधिकारी नवरा-बायकोला वेगवेगळं बसवून विचारतात : पलंगाच्या कोणत्या बाजूला कोण झोपतं, टूथब्रश कोणत्या रंगाचा. हे ऐकून वहिनींनी दादांना तिथल्या तिथे विचारलं, "माझा ब्रश कोणता?" दादा म्हणाले, "तू ब्रश वापरतेस?" या दोघांना अमेरिकेनं पहिल्याच विमानानं परत धाडलं असतं.

शिवाय लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत ग्रीन कार्ड मिळालं तर ते सशर्त, दोनच वर्षांचं. मुदत संपण्यापूर्वीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून आय-751 भरायचा, की अजून एकत्र आहोत. असा फॉर्म आपल्याकडे असता तर पालघर तहसीलबाहेर किती जोड्या भांडत उभ्या दिसल्या असत्या!

अमेरिका पहिल्यापासून जावयांवर एवढी मेहेरबान नव्हती, बरं का. 1907 च्या कायद्यानं परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचंच नागरिकत्व जात असे. 1922 मध्ये तो सैल झाला, पण नवरा आशियाई असेल तर नाही. पुढच्याच वर्षी तिथल्या सुप्रीम कोर्टानं भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात ठरवलं, की हिंदुस्थानी माणूस नागरिकत्वाला पात्रच नाही. म्हणजे आमच्या सुनेनं तेव्हा हे धाडस केलं असतं तर पुतण्याला तिकडचं नागरिकत्व मिळणं दूरच, तिचं होतं तेही गेलं असतं. बायकांवरचा हा जाच 1931 मध्ये संपला. 

पण आपणही फार उदार आहोत असं समजू नका. आमची सून उद्या माहीमला कायमची राहायला आली, तर 1955 च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे भारतीयाची बायको म्हणून अर्ज करायला तिला सात वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागेल. तिकडे तीन, इकडे सात. वहिनींनी मात्र तिला माप ओलांडल्याबरोबर घरात घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी नारळ खवायला बसवलं.

खरी गोम वाडीत आहे. पुतण्या तिकडे शपथ घेईल त्या क्षणी त्याचं भारतीय नागरिकत्व आपोआप संपेल, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. पासपोर्ट जमा करून ओसीआय कार्ड घ्यायचं. त्यावर ये-जा करता येते, फ्लॅट घेता येतो. मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. दादांना तर वाडी त्याच्या नावे बक्षीसपत्रानं करायची होती. चौकशी केली तर कळलं, की रिझर्व्ह बँकेच्या खास परवानगीशिवाय तेही चालत नाही. परदेशात राहणाऱ्या भारतीयालाही हाच नियम, त्यामुळे शपथेआधी घाई करूनही उपयोग नव्हता. वारसानं आलेली जमीन मात्र चालते. दादांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे त्यांच्या कायद्यात तो टिकला पाहिजे आणि आपल्या कायद्यात मी गेलो पाहिजे."

तेव्हा ज्यांच्या घरी असा जावई तयार होतोय, त्यांनी पुराव्यांची फाईल आणि आहेराची वही जपून ठेवा. बक्षीसपत्राचा नाद सोडा, मृत्युपत्र वेळेवर करा आणि त्यात गट नंबर सातबारा समोर ठेवूनच लिहा.