सीटचं नाक

शरीराच्या ज्या भागांची नावं चारचौघांत घेता येत नाहीत, नेमकं त्यांच्याविषयी रोड बाइकवाले सकाळी सकाळी मोठ्या आवाजात बोलत असतात. खडकवासल्याच्या चौपाटीवर रविवारी कधीही ऐका.

"बधिरपणा एकदम गेला. नोज जरा खाली घेतला."

"खाली? वेडा आहेस का? हातांची वाट लागेल!"

शेजारी कांदाभजी खायला आलेलं कुटुंब हळूच बाक बदलतं.

पंचाईत अशी की दोघांचंही खरं असतं. सीटचं टोक वर राहिलं की भार बुडाच्या हाडांवरून सुटून पुढच्या नाजूक जागी येतो आणि तिथल्या नसा दबतात. टोक खाली गेलं की माणूस पुढे घसरत राहतो, ते थोपवायला हँडल रेटून धरतो आणि करंगळीला मुंग्या येतात. दुखणं जात नाही, त्याची सरकारी नोकरासारखी बदली होते.

काम दिसायला सोपं. सीटखाली सात मिलिमीटर जाडीच्या दोन रेल असतात, त्या सीटपोस्टच्या, म्हणजे सीटखालच्या दांड्याच्या, क्लॅम्पमध्ये आवळलेल्या. क्लॅम्पला पुढे-मागे दोन बोल्ट असतील तर तुम्ही पुण्यवान! मागचा पाव फेरा सैल, पुढचा तेवढाच घट्ट, की टोक खाली. एकच बोल्ट आणि दातेरी क्लॅम्प असेल तर मात्र गतजन्मीचं काहीतरी फेडायचं राहिलंय. एका दात्यावर सीट नाक वर करून बसते, पुढच्यावर मान खाली घालते, आणि तुम्हाला हवा असलेला कोन दोन दात्यांच्या बरोबर मध्ये. शिवाय बोल्ट सैल होताच सीट गुपचूप मागेपुढे सरकते, म्हणून आधी रेलवर चिकटपट्टी लावून खूण करायची.

मोजणी बाल्कनीत करू नका. पाणी मोरीकडे जावं म्हणून तिथल्या फरशीला उतार दिलेला असतो. पाणी मोरीकडे जातंच असं नाही, पण उतार असतो. सीटवर फूटपट्टी लांबीच्या दिशेने ठेवून त्यावर मोबाइलमधली पाणसळ लावायची, मग सायकल त्याच जागी उलट्या तोंडाने उभी करून पुन्हा मोजायचं आणि सरासरी काढायची.

हे सगळं मी पार्किंगमध्ये करत असताना तळमजल्यावरचे काका हजर होतातच.

"काय रे, एवढ्या पैशांत स्कूटर आली असती. आणि हिला साधी गादी नाही? आमच्या हर्क्युलसला स्प्रिंगची सीट होती. मागे काकू, पुढे मंडईची पिशवी. कोन कसला मोजतोयस?"

मी त्यांना एडी मर्क्सचा दाखला दिला. पाच वेळा टूर द फ्रान्स जिंकलेला बेल्जियन सायकलपटू. १९६९मध्ये फ्रान्समधल्या ब्ल्वाच्या ट्रॅकवर पडून कंबरेला जबर मार बसला, तेव्हापासून भर शर्यतीतही तो सीट सारखी करत असे.

काका म्हणाले, "म्हणजे त्यालाही जमलं नाहीच."

यावर काय बोलणार? मुळात कोनाला वाव तरी किती! आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या नियमाप्रमाणे शर्यतीतली सीट आडव्या रेषेपासून जास्तीत जास्त ९ अंश कलू शकते. एवढ्याशा जागेत आमच्या सायकलवाल्या ग्रुपने नाकवरचे, नाकखालचे आणि सपाट असे पंथ काढले आहेत. सपाटवाल्यांतही मधल्या खोलगट भागाचं काय धरायचं यावरून फूट आहे.

माझं मत विचाराल तर सुरुवात सपाट करा. मग एका वेळी अर्ध्या अंशाहून जास्त हलवू नका, आणि हलवलं की दोन-चार लांबच्या फेऱ्या मारल्याशिवाय पुन्हा हात लावू नका. बोल्ट क्लॅम्पवर छापलेल्या आकड्याइतकाच आवळा, कार्बनचा सीटपोस्ट असेल तर विशेष जपून. आणि सल्ला कोणालाही विचारा, फक्त विचारताना बोल्ट फिरवायची एलन की स्वतःच्या खिशात ठेवा.